कुंकू काळे का दिसते?

जुन्या मराठी घरांमध्ये शंभरएक वर्षांपूर्वी स्टुडिओत काढलेला एखादा फोटो अजून भिंतीवर असतो. खुर्चीत पगडी घातलेला कर्ता पुरुष, शेजारी नऊवारीतली बाई आणि तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू. ते कुंकू काळेकुट्ट असते. ओठही असायला हवेत त्यापेक्षा गडद असतात. फोटो उघड्यावर काढलेला असेल तर वरचे आकाश पांढरेफटक असते, ढगाचा मागमूस नसतो. फोटो जुना झाला म्हणून असे दिसते, अशी आपण समजूत करून घेतो. पण तो नवाकोरा होता तेव्हाही तसाच दिसत होता.

कारण रसायनात आहे. फोटोच्या काचेवर किंवा फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. प्रकाश पडला की या क्षारांच्या कणांत बदल होतो, आणि डेव्हलपरमध्ये बुडवल्यावर त्या कणांची काळी धातुरूप चांदी होते. पण हे क्षार मुळात फक्त निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा अतिनील प्रकाश ओळखतात. तांबडा प्रकाश त्यांच्यावर पडला काय, न पडला काय, सारखेच. म्हणून निगेटिव्हवर कुंकवाची जागा कोरी राहते आणि प्रिंट काढताना त्या कोऱ्या जागेतून भरपूर उजेड जाऊन कागद काळा होतो. आकाशाचे नेमके उलटे. निळा प्रकाश इतका लागतो की आकाश आणि ढग दोन्ही निगेटिव्हवर सारखेच काळे होतात आणि प्रिंटवर सारखेच पांढरे. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने 1850च्या दशकात समुद्राची सुंदर चित्रे केली, त्यांतल्या काहींमध्ये समुद्र एका निगेटिव्हवरचा आणि आकाश दुसऱ्या निगेटिव्हवरचे आहे. एका काचेत दोन्ही मावतच नव्हते.

1873मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला आढळले की थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले तर काच हिरव्या प्रकाशालाही दाद देते. तांबड्यासह सगळे रंग ओळखणारी पॅनक्रोमॅटिक काच बाजारात यायला 1906 साल उजाडले. ती इंग्लंडमधल्या रॅटन अँड वेनराइट या कंपनीने आणली. फोटोग्राफीचा जन्म 1839चा धरला तर पहिली पासष्ट-सत्तर वर्षे कोणता रंग किती काळा आणि किती पांढरा दिसणार, हे काचच ठरवत होती. पॅनक्रोमॅटिक काच आली आणि तो निर्णय माणसाच्या हाती आला. कृष्णधवल छायाचित्रणाची खरी गोडी मला या निर्णयात दिसते. रंग काढून टाकले की उरेल ते कृष्णधवल, असा एक सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात समोरच्या प्रत्येक रंगाला करड्याची कुठली तरी छटा द्यावीच लागते आणि ती कुठली, याचे उत्तर निसर्गाने ठरवून दिलेले नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. हिरव्या लुगड्याला लाल काठ आहे. डोळ्यांना हे दोन रंग एकमेकांशी भांडताना दिसतात. पण त्यांचा उजळपणा सारखा असेल तर साध्या कृष्णधवल फोटोत काठ आणि अंग एकाच करड्यात विरघळून जातात, लुगडे बिनकाठाचे होते. आता लेन्सवर हिरवी काच लावा. हिरवी काच हिरवा प्रकाश आत सोडते आणि लाल अडवते, म्हणून अंग उजळते आणि काठ काळा होऊन उठून दिसतो. तांबडी काच लावली तर उलट होते, काठ फिकट आणि अंग गडद. त्याच तांबड्या काचेतून त्या बाईचे कुंकू इतके फिके येईल की कपाळावर ते शोधावे लागेल. लुगडे तेच, बाई तीच, ऊनही तेच. खोटा यातला एकही फोटो नाही, आणि तिन्हींपैकी कोणता काढायचा ते आधी ठरवल्याशिवाय गत्यंतर नाही.

हा निर्णय एका माणसाला कसा उमगला, त्याची गोष्ट फोटोग्राफीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. 10 एप्रिल 1927. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात पंचवीस वर्षांचा छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स पाठीवर मोठा लाकडी कॅमेरा आणि काचेच्या प्लेटांचे ओझे घेऊन बर्फातून चढत होता. सोबत त्याची होणारी बायको व्हर्जिनिया आणि काही मित्र होते. हाफ डोम नावाचा ग्रॅनाइटचा अजस्र कडा समोरून दिसेल अशा जागी ते पोचले तेव्हा बऱ्याच प्लेटा वाटेत खर्ची पडल्या होत्या आणि दोनच उरल्या होत्या. अ‍ॅडम्सने रिवाजाप्रमाणे पिवळी काच लावून पहिला फोटो घेतला. घेतल्याबरोबर त्याच्या लक्षात आले की हा कडा पाहून मनात जे दाटून आले ते या फोटोत उतरणार नाही. आकाश मध्यम करडे येईल, कडा नुसता मोठा दिसेल, त्याचा दरारा दिसणार नाही. मग शेवटच्या प्लेटसाठी त्याने गडद तांबडी काच लावली. तांबड्या काचेने आकाशाचा निळा प्रकाश जवळजवळ सगळा गिळला. आकाश काळे झाले आणि त्यावर कड्याचा उन्हातला भाग आणि बर्फ लखलखीत उठले.

हा फोटो आज ‘मोनोलिथ’ या नावाने ओळखला जातो. त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या कुणालाही आकाश काळे दिसले नव्हते. तरीही चित्र पाहताना त्या कड्यासमोर मान वर करून उभे राहिल्याचा अनुभव येतो. शटर दाबण्याआधीच तयार प्रिंट मनात पाहायची, या सवयीची सुरुवात अ‍ॅडम्सने स्वतः त्या दुपारपासून मानली. पुढे 1940च्या सुमारास त्याने फ्रेड आर्चर या सहकाऱ्याबरोबर ही सवय एका पद्धतीत बसवली. निखळ काळ्यापासून कोऱ्या कागदाच्या पांढऱ्यापर्यंतच्या छटांच्या पायऱ्या पाडायच्या, आणि समोरचा दगड, पान किंवा चेहरा कोणत्या पायरीवर ठेवायचा ते मोजमाप करून ठरवायचे. झोन सिस्टिम या नावाने ती अजूनही शिकवली जाते. शिकणाऱ्यांना तिच्यातली आकडेमोड सुरुवातीला रुक्ष वाटते. पण तिचा गाभा एका प्रश्नात आहे: ही गोष्ट तुला किती उजेडात दाखवायची आहे?

रंग बाजूला झाल्यावर डोळ्याला काय दिसू लागते, तेही जवळून पाहण्यासारखे आहे. कोकणातली जांभ्या दगडाची गडग्याची भिंत घ्या. रंगीत फोटोत तिचा तांबूस तपकिरी रंग आणि पावसाळ्यात तिच्यावर चढलेले हिरवे शेवाळ एवढेच मनात राहते, आणि ते सुंदर असते यात शंका नाही. त्याच भिंतीवर सकाळी आठच्या सुमाराचे तिरपे ऊन पडलेले असताना कृष्णधवल फोटो काढला तर दगडाच्या अंगावरची छिद्रे दिसू लागतात. प्रत्येक छिद्राच्या एका कडेला उजेडाची रेघ आणि दुसऱ्या कडेला सावली असते. चिऱ्यांवरचे घाव दिसतात, सांध्यांमधली माती कुठे वाहून गेली ते कळते. बोट फिरवावेसे वाटते. दुपारी बाराला तीच भिंत पुन्हा टिपली तर सपाट, मेलेली येते. रंगीत फोटो अशा उन्हातही रंगाच्या जोरावर तग धरतो, कृष्णधवलला तो आधार नसतो. त्याचा सगळा भार उजेडाच्या दिशेवर असतो. म्हणूनच फोटोग्राफी शिकणाऱ्याने काही काळ तरी रंगाविना काम करावे असे मला मनापासून वाटते. ऊन कुठून येते आहे हे तो आपोआप पाहायला लागतो.

आपल्या डोळ्यांनाही ही रंगहीन नजर परकी नाही. दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी सुमारे साठ लाख, तर मंद उजेडात काम करणाऱ्या आणि रंग न ओळखणाऱ्या दंडपेशी सुमारे बारा कोटी असतात. चांदण्यात अंगणातली जास्वंद तांबडी दिसत नाही ती म्हणूनच, पण तिचा आकार आणि पानांची दाटी दिसते.

फोटो काढला म्हणजे काम संपले असे कृष्णधवलच्या जगात कधीच नव्हते. रोल धुवून झाला की खरी बैठक डार्करूममध्ये असे. फोटोच्या कागदालाही जुन्या काचेसारखे तांबडे दिसत नाही, म्हणून तिथे तांबडा दिवा लावता येतो. एन्लार्जरखाली निगेटिव्हची उलटी प्रतिमा पडते, कागद ठेवायचा आणि सेकंद मोजायचे. पण सगळ्या कागदाला सारखा उजेड दिला तर प्रिंट बहुधा निर्जीव येते. म्हणून एखाद्या चेहऱ्यावर सावली जास्त गडद होत असेल तर तारेच्या टोकाला चिकटवलेली पुठ्ठ्याची लहानशी चकती त्या जागेवर धरून काही सेकंद उजेड अडवायचा. चकती सतत हलती ठेवायची, नाहीतर कडा उमटते. आकाश फिके येत असेल तर दोन्ही हातांचे तळवे जोडून बोटांमध्ये फट ठेवायची आणि बाकी सगळे झाकून फक्त आकाशाला जादा उजेड द्यायचा. मग कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये. ट्रे एका कडेने हळूहळू उचलत राहायचा. अर्ध्या मिनिटात काळे भाग उमटू लागतात, मग मधले करडे, आणि सर्वांत शेवटी उजळ भागातला तपशील. हे पाहणारा कितीही सराईत असला तरी त्या क्षणी ट्रेवर वाकतोच.

या कामात किती अर्थ दडलेला असतो, ते अ‍ॅडम्सच्याच दुसऱ्या फोटोवरून कळते. 1 नोव्हेंबर 1941च्या संध्याकाळी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून मोटारीने जाताना त्याला दिसले की गावामागे चंद्र वर आला आहे आणि मावळते ऊन दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर पडले आहे. त्याने गाडी थांबवली, कॅमेरा उभा केला, आणि प्रकाशमापक काही सापडेना. चंद्राच्या पृष्ठभागाची प्रखरता किती असते तो आकडा त्याला पाठ होता. त्यावरून त्याने मनातल्या मनात हिशेब केला आणि एक फोटो घेतला. दुसऱ्याची तयारी होईपर्यंत क्रुसांवरचे ऊन गेले होते. त्या एकुलत्या एका निगेटिव्हवरून पुढच्या काही दशकांत त्याने हजाराहून अधिक प्रिंट स्वतः काढल्या. सुरुवातीच्या प्रिंटमधल्या आकाशात फिकट ढगांच्या रेघा दिसतात. जसजशी वर्षे गेली तसतसे आकाश गडद होत गेले आणि शेवटी चंद्राभोवती जवळजवळ काळोख उरला. अ‍ॅडम्स तरुणपणी पियानोवादक व्हायला निघाला होता. निगेटिव्ह म्हणजे संगीतकाराने लिहिलेली स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे तिचे वादन, असे तो सांगत असे. एकाच बंदिशीची दरवेळी वेगळी बढत ऐकणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

रंग नसताना पाहणारा गप्प बसत नाही, तो स्वतःचे रंग भरतो. प्रभात फिल्म कंपनीने 1933मध्ये ‘सैरंध्री’ रंगीत करायचा घाट घातला, जर्मनीतून प्रक्रिया करून आणली, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. चारच वर्षांनी त्याच प्रभातचा, व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ आला. ज्या वस्तूचा सगळा अर्थ तिच्या तांबडेपणात, तिचेच नाव धारण केलेला हा चित्रपट काळ्या-पांढऱ्यात होता, आणि शांता आपटे यांच्या कपाळाकडे पाहताना प्रेक्षकांना काही कमी पडले नाही.

रंगाचा आणखी एक स्वभाव आहे. तो लक्ष मागतो. सेबास्तियाओ सालगादो या ब्राझिलियन छायाचित्रकाराने 1995मध्ये मुंबईच्या चर्चगेट स्टेशनवर उंचावरून एक फोटो घेतला. दोन लोकल फलाटांना लागलेल्या, स्थिर आणि रेखीव. मधून वाहणारी माणसे मंद शटरमुळे धूसर झालेली, एकात एक मिसळलेली. रोज त्या फलाटावर उतरणाऱ्याला हा अनुभव अंगाने माहीत असतो: लोंढा आपल्याला नेतो, आपण चालत नसतो. हाच फोटो रंगीत असता तर एखादी पिवळी साडी, एखादा लाल शर्ट, जाहिरातीचा निळा फलक यांनी डोळा आपल्याकडे ओढला असता आणि लोंढ्याची पुन्हा सुटी सुटी माणसे झाली असती. इथे काळ्या-पांढऱ्याने फोटोचा विषयच घडवला आहे.

याच ताकदीत एक धोकाही आहे, आणि तो मी गंभीरपणे घेतो. काळ्या-पांढऱ्यात कुठलेही दारिद्र्य भारदस्त दिसते. सुरकुतलेला चेहरा, फाटके कपडे, धुराने भरलेली झोपडी यांना करड्या छटांमध्ये फुकटचे गांभीर्य मिळते. 1991मध्ये समीक्षक इंग्रिड सिशी यांनी ‘द न्यूयॉर्कर’मध्ये सालगादोवर हाच आक्षेप घेतला होता: दुःख इतके देखणे केले तर पाहणारा चित्राच्या प्रेमात पडतो आणि माणसाला विसरतो. सालगादोच्या कामाला हा आरोप सरसकट लागू होतो असे मला वाटत नाही. पण फोटोग्राफीच्या प्रदर्शनांत साधूंच्या आणि म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यांच्या रांगा पाहताना मला तो हटकून आठवतो. तिथे छायाचित्रकाराने काही ठरवलेले नसते, एक तयार भारदस्तपणा उचललेला असतो.

उलट बाजूला भोपाळ आहे. 2 आणि 3 डिसेंबर 1984च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. त्यानंतर एका लहान मुलाच्या दफनाचे फोटो दोन भारतीय छायाचित्रकारांनी घेतले. पाब्लो बार्थोलोम्यू यांचा रंगीत, रघु राय यांचा काळा-पांढरा. बार्थोलोम्यू यांच्या फोटोला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. दोन्ही शेजारी ठेवून पाहायला धैर्य लागते. रंगीत चित्रात माती मातीच्या रंगाची आहे. आपण त्या खड्ड्याजवळ, त्या दिवशी उभे असतो आणि हे घडले आहे याची साक्ष मिळते. रघु राय यांच्या चित्रात मातीवरून फिरणारा एक हात आहे, आणि माती व मुलाची कातडी यांतले अंतर मिटत चालले आहे. वेगळे उरतात ते उघडे राहिलेले डोळे. त्या डोळ्यांवरून नजर दुसरीकडे नेता येत नाही, कारण चित्रात दुसरे जायला काही नाही. एक चित्र घटना सांगते, दुसरे आपल्याला जाब विचारते. हा फरक कोण मोठा छायाचित्रकार यामुळे पडलेला नाही. एकाच शोकाला दिलेली ती दोन वेगळी रूपे आहेत, आणि दोन्ही लागतात.

भारताने काळ्या-पांढऱ्यात पाहावेच का, असाही प्रश्न विचारला गेला आहे. विचारणारा माणूस साधा नव्हता. छायाचित्रकार रघुबीर सिंह यांनी आयुष्यभर रंगीत काम केले आणि मुंबईवरही मोठे पुस्तक केले. ‘रिव्हर ऑफ कलर’ हे त्यांचे पुस्तक 1998मध्ये आले. त्यात त्यांनी मांडले की लघुचित्रांच्या परंपरेत वाढलेल्या भारतीय नजरेला रंग मुळातच जवळचा आहे आणि काळ्या-पांढऱ्यातली उदासी ही पाश्चात्त्य मनाची आहे. त्यांचे फोटो पाहिले की त्यांचे म्हणणे पटू लागते, इतके ते रंगाने नांदते आहेत. पण बंगालच्या दुष्काळाचे सुनील जाना यांचे फोटो समोर आले की मला हा सिद्धान्त अपुरा वाटतो. प्रबुद्ध दासगुप्ता यांनी गोव्यातल्या कॅथलिक कुटुंबांवर ‘एज ऑफ फेथ’ हे पुस्तक केले. निळा समुद्र आणि रंगीत घरे यांच्या पोस्टकार्डांनी गोवा व्यापून टाकलेला असताना त्यांनी जुन्या दिवाणखान्यांतला मंद उजेड आणि त्यात बसलेली माणसे काळ्या-पांढऱ्यात दाखवली. तिथे रंग सोडणे म्हणजे पर्यटकाची नजर सोडणे होते. हे भारतीय नजरेने घेतलेले पाऊल आहे, उसने नव्हे.

टिकाऊपणाचाही हिशेब आहे. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये चांदी असते, रंगीत प्रिंटमध्ये रंगद्रव्ये, आणि रंगद्रव्ये उडतात. म्हणून कित्येक घरांत 1975च्या आसपासच्या लग्नाच्या अल्बममधली माणसे तांबूस-पिवळी होऊन बसली आहेत आणि त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाचे फोटो खणखणीत आहेत. अर्थात प्रिंट पक्की करायला वापरलेले हायपो हे रसायन नीट धुतले गेले असेल तरच. घाईने धुतलेली प्रिंट पिवळी पडते, डागाळते.

आता फोनमध्ये एक बटण दाबले की चित्र करडे होते. बहुतेक वेळा यंत्र एक ठरलेले प्रमाण वापरते, त्यात हिरव्याला सर्वाधिक वजन, मग लाल, आणि निळ्याला सर्वांत कमी. म्हणजे निर्णय पुन्हा यंत्राकडे गेला. तो परत घेता येतो. फोटो दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा अशा वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या असतात, त्या सरकवून प्रत्येक रंग किती उजळ करायचा ते घरबसल्या ठरवता येते. अ‍ॅडम्सच्या त्या दोन प्लेटांच्या जागी हव्या तितक्या संधी. मात्र ही सोय मन आळशी करते हेही खरे. नंतर ठरवू म्हणून काढलेल्या फोटोत उजेडाची दिशा नंतर बदलता येत नाही.

त्यामुळे काहींनी उलटी वाट धरली आहे. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल, हिरव्या, निळ्या सूक्ष्म गाळण्यांची जाळी बसवलेली असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी 1970च्या दशकात ती शोधून काढली, आणि बहुतेक डिजिटल फोटोंना रंग तिच्यामुळेच मिळतात. पण ती जाळी येणाऱ्या उजेडाचा बराच भाग अडवते. 2012मध्ये लायका कंपनीने ती काढून टाकलेला, फक्त काळा-पांढरा पाहणारा कॅमेरा बाजारात आणला. त्याच्या फोटोत बारीक तपशील अधिक स्पष्ट येतो, अंधारातही तो जास्त चांगला पाहतो. पण त्याच्या फाइलमध्ये रंगाची कसलीच माहिती नसते, नंतर सरकवायला पट्ट्याच नाहीत. आकाश काळे हवे असेल तर ते शटर दाबण्याआधी ठरवावे लागते आणि लेन्सवर तांबडी काच फिरवून बसवावी लागते. असा कॅमेरा वापरणारे लोक पिवळ्या, नारिंगी आणि तांबड्या काचा पुन्हा विकत घेऊ लागले आहेत.